तलाठीबाईंची मोजणी

नोकरी लागली आणि ऑफिस येरवड्याला आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा आमच्या आत्यानं शांतपणे विचारलं, "जेलात की वेड्यांच्या हॉस्पिटलात?" पुण्यात येरवडा म्हटलं की लोकांना हे दोनच पर्याय सुचतात. मी हसून सोडून दिलं. पहिल्याच दिवशी तलाठीबाईंची गाठ पडली आणि वाटलं, आत्याचा प्रश्न अगदीच काही वावगा नव्हता.

तलाठीबाई हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्या मूळच्या नागपूरच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर, चाळिशी ओलांडलेल्या, आणि ऑफिसातली बाकीची प्रजा माझ्यासारखी नुकतीच कॉलेजातून सुटलेली. एका बंगल्याचा वरचा मजला, त्यात फुगीर काचेचे जडशीळ मॉनिटर, आणि कोण्या परदेशी कंपनीसाठी आम्ही कॉम्प्युटरवर सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम लिहायचो. 'आयटीत आहे' असं सांगितलं की नातेवाईक आदरानं बघायचे. त्यांनी तो मजला पाहिला असता तर आदर तिथल्या तिथे संपला असता.

तलाठी हे नाव पडलं त्याला कारण बाईंची भाषा. कॉम्प्युटरच्या मेमरीला त्या मेमरी म्हणतच नसत. 'जमीन' म्हणत. प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग आपापल्यापुरती जमीन मागून घेतो, त्याला प्लॉट मिळतो, त्यानं त्या प्लॉटात राहावं. पण दोन प्लॉटांत भिंत नसते. कोणी पाऊल बाहेर टाकलं तर अडवायला कोणी नाही. टाकणारा मजेत असतो, आणि शेजारचा बिचारा काही वेळानं कोसळतो. याला बाई 'अतिक्रमण' म्हणत. विश्रांतवाडीला त्यांचं स्वतःचं रो-हाऊस होतं. तिथल्या शेजाऱ्यानं कंपाउंडची भिंत वीतभर यांच्या बाजूला सरकवून बांधली होती. बाईंनी भांडण केलं नाही. सरळ सरकारी मोजणी आणली आणि भिंत पाडायला लावली. तेव्हापासून जगातल्या सगळ्या दुखण्यांवर मोजणी हा एकच उपाय त्यांना मान्य होता.

आम्ही मागे तलाठीबाई म्हणतो हे त्यांना ठाऊक होतं. एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, मोजणी तलाठी करत नाही, भूमी अभिलेखवाले करतात, नाव ठेवायचं तर नीट चौकशी करून ठेवा. चिडवलं याचं दुःख नव्हतं, चुकीचं चिडवलं याचं होतं.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. त्या काळात पुण्यात आपण होऊन हेल्मेट घालणारं माणूस शोधून सापडलं नसतं, आणि ह्या बाई विश्रांतवाडीहून कायनेटिकवर हेल्मेट घालून, वर हनुवटीचा पट्टा आवळून यायच्या. सिग्नलला लोक वळून बघायचे. "पुण्याच्या लोकांना डोक्याची एवढी खात्री कशी काय राहते?" असं त्या आम्हाला विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. आमच्या आमटीतल्या गुळावर त्यांचा विशेष राग. चव घेऊन, डबा परत करून सांगायच्या की वरण चांगलं होतं, कोणीतरी त्याचा अपघात केला. नागपूरच्या ना, मग संत्री कुठायत, असं कोणी विचारलं की गोड हसून म्हणायच्या, "तुम्ही पुण्याचे ना? तुम्ही काय आणलं?" विचारणारा तोंडात मारल्यासारखा जागेवर जाऊन बसायचा.

आणि 'बहुतेक' हा शब्द. तो त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. "मॅडम, बहुतेक इथे प्रॉब्लेम असेल" असं म्हणालात की बाई एक अक्षर न बोलता उठून गच्चीत निघून जायच्या. तुम्ही वाक्य हातात धरून उभे. परत आल्या की जणू काही झालंच नाही अशा थाटात विचारायच्या, "हं, काय म्हणून राहिला होता?" मग नीट पुराव्यानिशी सांगावं लागायचं.

आता त्या मुंजीबद्दल सांगायलाच हवं. आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, अस्सल पुणेकर. बोलणं कमी आणि ते सगळं चिमट्यात धरलेलं. प्रोग्रॅम चालतो का हे बघायला एक व्हिडिओ लागतो. विकत कशाला आणायचा म्हणून साहेबांनी घरातली कॅसेट आणून दिली, त्यांच्या चिरंजीवांच्या मुंजीची. आमच्या ऑफिसात सकाळ-संध्याकाळ ती मुंज लागायची. बाईंचं काम होतं चित्राचे रंग बदलून देण्याचं. सिनेमा साठवताना जागा वाचवायला म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. बाई सांगायच्या, पंगतीत भात ज्याचा त्याला आणि लोणच्याची वाटी चौघांत एक, तसं. पडद्याला मात्र प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा सगळा हिशोब वेगळा लागतो. हे एकातून दुसऱ्यात करून देणारा कोड बाईंनी लिहिला होता. त्यात रंगाचे दोन डबे उलटे लागले की बटू निळा व्हायचा. रंग पोचलेच नाहीत तर हिरवा. निळा बटू, हिरवे भटजी, जांभळ्या आत्या, काय काय पाहिलं आम्ही.

भिक्षावळीतली मोरपंखी शालूची मावशी तर आमच्या घरातलीच झाली होती. ती लाडू बटूच्या झोळीत घालायची, पण बघायची कॅमेऱ्याकडे. एकदा साहेबांनी बाईंना जरा खवचटपणे विचारलं, आपण कधी मुंजीला गेला होतात का हो? हा प्रश्न कशासाठी होता ते बाईंना बरोब्बर कळलं. मुलाखतीच्या वेळी त्यांचं आडनाव ऐकून साहेब 'अच्छा, अच्छा' असं दोनदा म्हणाले होते, त्याची नक्कल त्या आम्हाला करून दाखवायच्या. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला होता, घरी मुंज कुठून असणार? बाई मॉनिटरवरची नजर न काढता म्हणाल्या, "नाही गेले. पण आता पूर्ण पाठ आहे. म्हणाल तर लावून देते." साहेब केबिनमध्ये गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. आम्ही मात्र दिवसभर हसत होतो.

हसण्याचे दिवस लवकरच संपले. निदान माझे तरी. दिवस मंदीचे होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी डिग्री घेऊन घरी बसल्या होत्या. मी प्रोबेशनवर. घरी बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, नोकरी टिकली तर टिकली, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात करू. आत्यानं एक स्थळ हेरूनही ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. मुलगा चांगलाच असतो हो, पण मला नोकरी हवी होती. मला सकाळी बसनं येरवड्याला जायचं होतं आणि माझं स्वतःचं काहीतरी करायचं होतं. एवढं साधं होतं ते.

माझ्याकडे काम होतं सबटायटलचं, म्हणजे सिनेमाच्या खाली जी अक्षरं येतात ती दाखवायचं. त्या परदेशी कंपनीनं त्यांचे दोन-तीन सिनेमे तपासायला पाठवले. आमचा टेस्टिंगवाला लोणी काळभोरहून यायचा, सरळ गडी. त्यानं सिनेमा लावला, थोडा वेळ छान चालला, आणि प्रोग्रॅम धाडकन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. त्यानं कुठे पडतंय ते बघितलं आणि माझ्याकडे बघून खाली मान घातली. "हितंच पडतंय बगा मॅडम. सबटायटलात."

मुंज लावली, मुंज शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत सुरळीत. मुंजीला सबटायटल नव्हते, सिनेमाला होते. आणखी काय पुरावा हवा? साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपण आल्यापासून पडायला लागलं, नाही का?" त्या 'आपण'पेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई खुर्ची ओढत माझ्या शेजारी आल्या. "सगळं उघड," म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी माझा कोड ओळ न ओळ वाचला. वाचताना तोंड चालू. हे कायले लिहिलं, हे कोणी शिकवलं, ही फी कॉलेजला भरली की विहिरीत टाकली? मी रडकुंडीला आले होते. मनात म्हणायचे, देवा, एकदा ही चूक सापडू दे आणि मला घरी जाऊ दे. पण चूक सापडेना. आणि बाईंना माझीच चूक आहे याची खात्री होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पडला तो चोर नसतो, चोर दुसराच असतो, असं त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. पण तेव्हा पडले होते मी आणि चोर ठरले होते तेही मीच.

शेवटी त्यांनी त्यांची ठेवणीतली युक्ती काढली. प्रत्येक प्लॉटच्या पुढच्या आणि मागच्या हद्दीवर दगड ठेवायचे. दगड म्हणजे आपल्याला माहीत असलेले आकडे, ज्यांना कोणी हात लावायचं कारण नाही. प्रोग्रॅम पडला की जाऊन बघायचं, कोणता दगड बिघडला. तिथून कोणीतरी पाय टाकला असणार. माझ्या सगळ्या जमिनीला असे दगड लावले आणि सिनेमा सुरू केला. पडला. आम्ही दोघी स्क्रीनवर वाकलो. मागच्या हद्दीचा माझा दगड जसाच्या तसा होता. पुढचा फुटला होता.

मी स्क्रीनवर बोट ठेवलं. म्हटलं, मॅडम, लिहिता लिहिता जो बाहेर जातो तो आपल्या मागच्या हद्दीवरून; माझा मागचा शाबूत आहे, म्हणजे मी बाहेर गेले नाही. पुढचा फुटलाय, म्हणजे पुढून कोणीतरी माझ्यात आलंय.

माझ्या पुढचा प्लॉट कोणाचा, ते स्क्रीनवर दिसत होतं. तिथे बाईंचं रंग बदललेलं चित्र ठेवलेलं असायचं. त्यांच्या जमिनीला दगड नव्हते. कधीच नव्हते. तिथे दगड लावायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. साऱ्या ऑफिसची मोजणी करणाऱ्या बाईंनी स्वतःचं अंगण तेवढं सोडलं होतं.

बाईंनी फुटलेल्या दगडाचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "दगड चुकीचा लागला असेल बहुतेक."

तो शब्द त्यांच्याच तोंडून आला. मला ऐकू आला, टेस्टिंगवाल्याला आला, त्यांना स्वतःला तर आलाच. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसूही येईना. त्या उठल्या, नियमाप्रमाणे गच्चीत गेल्या. आल्या त्या गुपचूप आपल्या जागेवर बसल्या आणि स्वतःच्या कोडच्या दोन्ही बाजूंना दगड लावले.

चूक त्यांचीच होती, आणि काय नामी चूक होती! वेग यावा म्हणून त्यांचा कोड एका घासात सोळा ठिपके रंगवायचा. मुंजीच्या चित्राच्या रुंदीला सोळानं पुरता भाग जायचा, त्या सिनेमांच्या रुंदीला जात नव्हता. त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवटचा घास ओळीबाहेर सांडायचा, तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. पण पुढची ओळ रंगवायला घेतली की ती सुरुवात नव्यानं नीट रंगवली जायची. सांडलेलं सगळं पुसलं जायचं. चित्र लख्ख, कुठे डाग नाही. फक्त सगळ्यात खालच्या ओळीला पुढची ओळ नव्हती. तिचं सांडलेलं थेट माझ्या अंगणात पडायचं, आणि मी कोसळायचे. आमच्यापैकी कोणीही दुसरा व्हिडिओ लावून बघितला असता तरी हे आधीच कळलं असतं. पण आम्ही आपले वर्षभर एकाच पोराची मुंज लावत बसलेलो.

बाईंनी स्वतःच्या चोराचं मनापासून कौतुक केलं. "पाहा कसा आहे, प्रत्येक ओळीत हात धुवून घेते मेला," म्हणाल्या. आणि मग अगदी बारीक आवाजात स्वतःलाच काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

दुरुस्ती थोड्या ओळींची होती. पण इकडे साहेबांनी वेगळंच करून ठेवलं होतं. परदेशातली मंडळी चिडली होती, पुढचं काम दुसऱ्या कंपनीला देऊ म्हणत होती. तेव्हा साहेबांनी आधल्याच दिवशी फोनवर त्यांना माझं नाव सांगितलं. एका नव्या मुलीनं घोळ घातला, तिला आम्ही कामावरून काढलं, आता काळजी नको. म्हणजे परदेशात मी बडतर्फ झाले होते आणि पुण्यात अजून डबा खात होते. मला हे त्या दिवशी दुपारी कळलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून अगदी सभ्यपणे सांगितलं की आपण तरुण आहात, आपल्याला दुसरीकडे मिळेल, महिनाअखेरीस बघू. बाईंची चूक सापडलीय हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, ठाऊक आहे. पण त्यांचं नाव सांगितलं तर त्यांनी लिहिलेल्या बाकीच्या कोडवर त्या लोकांचा विश्वास राहणार नाही. आपल्याला तिथे कोणी ओळखत नाही. सोपं आहे.

सोपं होतं खरंच. माझ्या डोळ्यांसमोर आत्याचं ते स्थळ उभं राहिलं.

संध्याकाळी त्या लोकांचा फोन होता. दुरुस्ती समजावून सांगायला बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी काढलेली असल्यामुळे मला बाहेर थांबायला सांगितलं. दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. बाईंनी सोळाचा घास, शेवटची ओळ, सगळं त्यांच्या नागपुरी इंग्रजीत शांतपणे सांगितलं. पलीकडच्या माणसानं विचारलं की ही त्या मुलीनं केलेली चूक का? साहेबांनी घाईघाईनं हो म्हटलं. आणि मग बाईंचा आवाज आला. नाही, ही चूक माझी आहे. तिच्या कामात एकही चूक सापडली नाही, मी दोन दिवस शोधत होते. तिला काढलेलंही नाही, ती दाराबाहेर उभी आहे, हवं तर बोला.

मग तो माणूस म्हणाला की दुरुस्ती पाठवा, चालली तर पुढचं बघू. फोन ठेवला गेला. साहेबांचा आवाज चिमट्यातून सुटला होता. ते म्हणाले, आपण हे फोन ठेवल्यावरही सांगू शकला असतात.

"तुम्ही तिचं नाव फोनवर घेतलं," बाई म्हणाल्या. "मी माझं पण फोनवरच घेतलं."

त्या बाहेर आल्या आणि जागेवर बसून डबा आवरायला लागल्या. काम राहील की नाही, त्यांचं स्वतःचं काय होईल, कोणालाच माहीत नव्हतं. मला भरून आलं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मॅडम, थँक्यू, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. बाईंनी डब्याचं झाकण लावायचं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते.

"आभार कायले मानून राहिली वं? तुझं होतं तेच तुला मिळालं. त्याचे आभार मानायचे नसतात." मग म्हणाल्या, "दोन दिवस मी तुला चोर समजले. सगळ्यांसमोर बोलले. तुला राग नाही आला?"

आला होता. मला खूप राग आला होता, आणि तो आला होता हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या घरी मुली रागवत नाहीत, रुसतात. मी रागावले. काय काय बोलले ते आता धड आठवत नाही. माझ्या कॉलेजला नावं ठेवली, माझ्या आईबापांच्या पैशाला विहिरीत टाकलं, सगळ्यांचे दगड तपासले आणि स्वतःचे नाही, असं सगळं रडत-ओरडत बाहेर पडलं. सारा मजला ऐकत होता. टेस्टिंगवाला कीबोर्ड पुसत होता. बाई हनुवटीखाली हात घेऊन, परीक्षक ऐकतात तशा, एकदाही मध्ये न बोलता ऐकत होत्या. माझा दम संपला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे. सगळं खरं आहे, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण क्रम उलटा झाला तुझा. आधी मुद्दा सांगायचा, रडायचं नंतर. आणि मी तर तुला नुसतं चोर समजले. तुझं नाव ज्यानं विकलं तो आत बसला आहे." त्यांनी केबिनच्या दाराकडे बोट केलं. "जा. त्याला नीट क्रमानं सांग."

मी ओढणीनं तोंड पुसलं, मुद्दे मनात एकापुढे एक लावले, आणि दार न वाजवता आत गेले.